घरोघरी नवजात बालसेवा

घरोघरी नवजात बालसेवा ही नवजात बालकाची व बाळंतिणीची काळजी त्यांच्या राहत्या घरी, गावातीलच प्रशिक्षित स्त्री-कार्यकर्तीच्या हातून घेण्याची सार्वजनिक आरोग्यसेवेची पद्धत आहे. महाराष्ट्रातील गडचिरोली जिल्ह्यात डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि त्यांच्या 'सर्च' या संस्थेतील सहकाऱ्यांनी १९९३ ते १९९८ या काळात तिची क्षेत्रीय चाचणी घेतली. चाचणीचे निष्कर्ष डिसेंबर १९९९ मध्ये 'द लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. भारत सरकारने २०११ मध्ये ही पद्धत काही फेरफारांसह राष्ट्रीय कार्यक्रम म्हणून स्वीकारली. आशा स्वयंसेविकांमार्फत ती आज देशभर राबवली जाते. शासकीय कागदपत्रांत आणि आरोग्य कर्मचाऱ्यांच्या बोलण्यात ती बहुधा 'एचबीएनसी' या आद्याक्षरांनीच ओळखली जाते.

संज्ञा

जन्मापासून २८ दिवसांपर्यंतच्या बालकास नवजात, एक वर्षापर्यंतच्या बालकास अर्भक आणि पाच वर्षांखालील मुलास बालक म्हणण्याचा संकेत आरोग्यशास्त्रात रूढ आहे. नवजात मृत्युदर, अर्भक मृत्युदर व बालमृत्युदर हे तिन्ही दर हजार जिवंत जन्मांमागे मोजले जातात. नवजात मृत्यू अर्भकमृत्यूंत आणि अर्भकमृत्यू बालमृत्यूंत समाविष्ट असतात. वृत्तपत्रांत या तिन्हींसाठी 'बालमृत्यू' हा एकच शब्द सरसकट योजला जातो. त्यामुळे दोन बातम्यांतील आकडे परस्परविरोधी भासतात, आणि कित्येकदा तो केवळ शब्दांचा घोळ असतो.

मृतावस्थेत जन्मलेल्या बालकाची नोंद 'उपजत मृत्यू' अशी होते व ती या दरांत धरली जात नाही. जन्मल्यावर श्वास न घेतलेले, परंतु हृदयाचे ठोके चालू असलेले मूल काही मिनिटांत दगावले, तर घरच्या बाळंतपणात त्याची गणना बहुधा उपजत मृत्यूंतच होत असे. अशा मुलाचा जन्मही नोंदला जात नसे आणि मृत्यूही नाही.

पार्श्वभूमी

गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी चंद्रपूर जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. अरण्याने व्यापलेल्या या जिल्ह्यात गोंड व माडिया आदिवासींची मोठी वस्ती आहे. नागपूर येथे वैद्यकीय शिक्षण आणि अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचे शिक्षण घेऊन परतलेल्या बंग दांपत्याने येथे 'सर्च' ही संस्था उभारली. तिचा परिसर 'शोधग्राम' या नावाने ओळखला जातो. १९८८ मध्ये संस्थेने आपल्या कार्यक्षेत्रातील जन्ममृत्यूंची मोजदाद केली, तेव्हा अर्भक मृत्युदर हजारी १२१ आढळला.

पहिला प्रयोग न्यूमोनियावर झाला. ५८ गावांत निमवैद्यकीय कार्यकर्ते, गावपातळीवरील आरोग्यसेवक व पारंपरिक सुइणी यांना मुलाचा न्यूमोनिया ओळखून प्रतिजैविक देण्यास शिकवण्यात आले, आणि ४४ गावांशी तुलना करण्यात आली. बालमृत्यू लक्षणीय घटल्याचे या प्रयोगातून दिसले व त्याचे निष्कर्ष १९९० मध्ये 'लॅन्सेट'मध्येच प्रसिद्ध झाले. न्यूमोनिया ओळखण्याची मुख्य खूण म्हणजे श्वासाचा वेग. सुइणींपैकी बहुतेक निरक्षर होत्या व त्यांना साठपर्यंत अंक मोजता येत नसत. त्यांच्यासाठी एक मिनिटाचे वाळूचे घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी असे साधे उपकरण तयार करण्यात आले. दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा आणि वाळू संपण्याच्या आत लाल मण्यापर्यंत हात पोहोचला, तर मुलाला न्यूमोनिया आहे असे समजायचे. अंकज्ञान नसणे म्हणजे बुद्धी नसणे नव्हे, या जाणिवेतून घडलेले हे उपकरण पुढील कार्याची दिशा दाखवणारे ठरले.

न्यूमोनियाचे मृत्यू घटले, तशी उरलेल्या मृत्यूंची घडण स्पष्ट झाली. एक वर्षाच्या आत मरणाऱ्या मुलांपैकी बहुसंख्य मुले पहिल्या महिन्यातच जात होती. नवजात मृत्यूंपैकी सुमारे तीनचतुर्थांश मृत्यू पहिल्या आठवड्यात होतात, ही गोष्ट जगभर आढळते. मराठी समाजाला ती परंपरेने ठाऊक होती, असे म्हणण्यास जागा आहे. पाचवी आणि सटवाईची षष्ठी या रात्री जागवून काढण्याचे विधी नेमके याच आठवड्यात येतात, आणि नाव ठेवण्याचे बारसे मात्र बाराव्या दिवसापर्यंत थांबते. विधी होते, उपचार नव्हते. त्या काळच्या वैद्यकीय समजुतीनुसार नवजात बालकाचा उपचार ही केवळ रुग्णालयाची, तीही मोठ्या शहरातील सुसज्ज रुग्णालयाची बाब मानली जात होती.

निरीक्षणाचे वर्ष

क्षेत्रीय चाचणीसाठी ३९ गावांचे सेवाक्षेत्र आणि ४७ गावांचे तुलनाक्षेत्र निश्चित करण्यात आले. दोन्ही क्षेत्रांची लोकसंख्या प्रत्येकी सुमारे चाळीस हजार होती. १९९३ ते १९९५ या दोन वर्षांत दोन्हीकडील जन्म व मृत्यू नोंदवून पायाभूत दर काढण्यात आले. गावातील कार्यकर्त्याच्या नोंदी दर सहा महिन्यांनी घरोघर फिरून पडताळल्या जात. शासनाची आरोग्य केंद्रे व अंगणवाड्या दोन्ही क्षेत्रांत नेहमीप्रमाणे चालू होत्या.

सेवाक्षेत्रातील प्रत्येक गावातून पाच ते दहा इयत्ता शिकलेली एक स्त्री निवडण्यात आली. या स्त्रियांना पुढे 'आरोग्यदूत' हे नाव मिळाले. १९९५-९६ या पहिल्या वर्षी त्यांचे काम पाहण्याचे व लिहिण्याचे होते. बाळंतपणाच्या वेळी हजर राहणे आणि त्यानंतर महिनाभर ठरलेल्या दिवशी घरी जाऊन मुलाचे वजन, ताप, श्वास, दूध ओढणे, रडणे, नाळ यांची नोंद करणे एवढेच त्या करीत, आणि मूल आजारी दिसल्यास रुग्णालयात नेण्याचा सल्ला देत.

या वर्षी ७६३ नवजात बालकांचे निरीक्षण झाले. त्यांपैकी ९५ टक्के बालके घरी जन्मली होती आणि ४२ टक्के बालकांचे वजन २,५०० ग्रॅमपेक्षा कमी होते. उपचारांची गरज असलेली बालके ५४ टक्के निघाली, तर ज्यांना प्रत्यक्ष वैद्यकीय उपचार मिळाले अशी बालके केवळ २.६ टक्के होती. ४० बालके दगावली. त्यांपैकी २१ मृत्यूंचे मुख्य कारण जंतुदोष (रक्तात पसरलेला संसर्ग किंवा न्यूमोनिया) हे होते, ८ मृत्यू जन्मतः गुदमरल्यामुळे आणि ६ मृत्यू अत्यंत अपुऱ्या दिवसांचा जन्म झाल्यामुळे ओढवले होते. मृत्यूंच्या निम्म्याहून अधिक वाटा जंतुदोषाचा, म्हणजे ज्यावर स्वस्त व परिचित औषध उपलब्ध आहे अशा आजाराचा होता.

रुग्णालयात न्या असे सांगूनही कुटुंबे का नेत नाहीत, याचेही उत्तर या वर्षात मिळाले. अंतर, पैसा, पावसाळ्यातील ओढे-नाले ही कारणे होतीच. त्याशिवाय ओल्या बाळंतिणीने घराबाहेर पडू नये हा संकेत होता, आणि मोठ्या दवाखान्यात गेलेले नवजात मूल परत येत नाही असा अनुभवही होता. मूल पोटात फार वाढले तर बाळंतपण अवघड होईल, या भीतीने गर्भवती स्त्रिया जेवण कमी करीत. कमी वजनाच्या मुलांचे प्रमाण एवढे मोठे असण्यामागे ही समजूत हे एक कारण होते.

सेवेचे स्वरूप

१९९६ पासून आरोग्यदूत प्रत्यक्ष सेवा देऊ लागल्या. गरोदर स्त्रियांची यादी ठेवणे व त्यांना समजावून सांगणे, बाळंतपणाला सुइणीबरोबर हजर राहणे, जन्मल्याबरोबर मुलाला पुसून कोरडे करणे व गुंडाळणे, न रडणाऱ्या मुलाला श्वास देणे, 'क' जीवनसत्त्वाशी गल्लत होऊ नये म्हणून वेगळे सांगावे लागणारे 'के' जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देणे, पहिल्या तासाभरात स्तनपान सुरू करून देणे, आणि नंतर महिनाभर भेटी देणे असा हा क्रम होता. आईचे पहिले घट्ट दूध म्हणजे चीक काढून टाकण्याची व मुलाला मध किंवा गुळाचे पाणी चाटवण्याची चाल मोडणे, हा या कामाचा मोठा भाग होता. कमी वजनाच्या बालकांसाठी टोपडे, गोधडी आणि उबदार झोपपिशवी यांचा उपयोग केला जाई. जन्मतः गुदमरलेल्या मुलाला श्वास देण्याच्या तीन रीतींची (तोंडाने, नळी-मुखवट्याने व पिशवी-मुखवट्याने) पुढे तुलना करण्यात आली व तीत पिशवी-मुखवटा सरस ठरला.

या सेवेचा गाभा जंतुदोषाच्या उपचारात आहे. नवजात बालकाचा जंतुदोष ओळखणे डॉक्टरांनाही सोपे नसते, कारण त्यात ताप येईलच असे नाही. उलट मूल थंड पडते. रक्ततपासणी खेड्यात अशक्य होती. म्हणून निरीक्षणाच्या नोंदींवरून आईला व आरोग्यदूताला डोळ्यांनी व हातांनी कळतील अशी सात लक्षणे निवडण्यात आली: दूध ओढणे कमी होणे किंवा थांबणे, रडणे क्षीण होणे किंवा बंद पडणे, हातपाय लुळे पडणे, उलट्या होणे किंवा पोट फुगणे, अंग हाताला थंड लागणे, श्वास घेताना छाती आत ओढली जाणे आणि नाळेत पू होणे. यांपैकी कोणतीही दोन लक्षणे एकाच वेळी आढळली तर जंतुदोष समजावा, असा नियम ठरला. पहिली तीन लक्षणे अशी आहेत की आईचे वर्णन हाच त्यांचा पुरावा असतो. 'आज बाळ नीट पीत नाही' या, एरवी दुर्लक्षिल्या जाणाऱ्या वाक्याला या नियमाने निदानाचे स्थान दिले.

लक्षणे दिसताच आरोग्यदूत प्रथम रुग्णालयात नेण्यास सांगे. कुटुंबाने नकार दिल्यास व लेखी संमती दिल्यास ती घरीच जेंटामायसिन या प्रतिजैविकाचे इंजेक्शन देई आणि को-ट्रायमॉक्साझोल हे औषध तोंडाने पाजत असे. या इंजेक्शनाचा ठरावीक डोस, स्वच्छ सुई, मांडीवरील नेमकी जागा यांचा सराव तिच्याकडून पुन्हा पुन्हा करून घेतला जाई व पर्यवेक्षक त्याची तपासणी करीत.

निष्कर्ष

सेवाक्षेत्रातील नवजात मृत्युदर १९९३-९५ मध्ये हजारी ६२.० होता. तो १९९७-९८ मध्ये २५.५ वर आला. याच काळात तुलनाक्षेत्रातील दर ५७.७ वरून ५९.६ झाला, म्हणजे जवळजवळ स्थिर राहिला. दोन्हींची तुलना करता निव्वळ घट ६२ टक्के ठरते. अर्भक मृत्युदर सेवाक्षेत्रात ७५.५ वरून ३८.८ वर उतरला. जंतुदोष झालेल्या बालकांपैकी दगावणाऱ्यांचे प्रमाण उपचारापूर्वी १६.६ टक्के होते, ते उपचारानंतर २.८ टक्के झाले. तिसऱ्या वर्षापर्यंत क्षेत्रातील ९३ टक्के नवजात बालकांपर्यंत सेवा पोहोचली होती. एका बालकामागे येणारा खर्च ५.३ अमेरिकी डॉलर इतका होता, आणि सेवा मिळालेल्या दर १८ बालकांमागे एक मृत्यू टळला.

या निष्कर्षांनंतर इतरत्रही असे प्रयोग झाले. महाराष्ट्रात 'अंकुर' या नावाने सात स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या क्षेत्रात ही पद्धत राबवली, तर भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेने पाच राज्यांत तिची चाचणी घेतली. उत्तर प्रदेशातील शिवगड आणि बांगलादेशातील सिल्हेट येथील घरभेटींच्या प्रयोगांचे निष्कर्ष २००८ मध्ये प्रसिद्ध झाले व त्यांत नवजात मृत्यू अनुक्रमे ५४ व ३४ टक्क्यांनी घटल्याचे दिसले. २००९ मध्ये जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांनी नवजात बालकांसाठी घरभेटींची संयुक्त शिफारस केली.

आक्षेप

प्रयोगाच्या शास्त्रीय मांडणीविषयीचा प्रमुख आक्षेप असा, की सेवेची व तुलनेची गावे चिठ्ठ्या टाकून निवडलेली नव्हती. सेवाक्षेत्र हे संस्थेचे १९८८ पासूनचेच कार्यक्षेत्र होते. त्यामुळे लोकांचा आधीपासूनचा विश्वास व न्यूमोनियाचे पूर्वीचे उपचार यांचाही परिणामात वाटा असू शकतो. मात्र पायाभूत वर्षांत दोन्हीकडील दर जवळजवळ सारखे होते, ही गोष्ट या आक्षेपाचे बळ बरेच कमी करते. निरीक्षणाच्या वर्षी आजारी मुले दिसत असताना केवळ सल्ला देणे आणि तुलनाक्षेत्राला सेवेविना ठेवणे कितपत योग्य, हा नैतिक प्रश्नही दुर्लक्षिता येण्याजोगा नाही. त्या क्षणी सिद्ध झालेला दुसरा उपाय उपलब्ध नव्हता, हे त्याचे उत्तर आहे, आणि ज्याला ते पुरेसे वाटणार नाही त्याच्याशी वाद घालणे कठीण आहे.

सर्वांत तीव्र मतभेद इंजेक्शनावरून झाले. वैद्यकीय पदवी नसलेल्या, पाच-दहा इयत्ता शिकलेल्या स्त्रीच्या हाती प्रतिजैविकाची सुई देणे धोक्याचे आहे, त्यातून औषधांचा गैरवापर वाढेल व जंतू औषधांना दाद देईनासे होतील, अशी भीती व्यक्त झाली. ती अनाठायी नव्हती. पण गडचिरोलीतील प्रयोगात प्रत्येक इंजेक्शनाची नोंद व पर्यवेक्षण होते. तसे पर्यवेक्षण लक्षावधी गावांत शासकीय यंत्रणेला टिकवता येईल काय, हा खरा प्रश्न आहे.

राष्ट्रीय कार्यक्रम

महाराष्ट्रात बालमृत्यूंचा प्रश्न १९९० च्या दशकात मेळघाटातील कुपोषणाच्या बातम्यांमुळे गाजू लागला होता. २००१ मध्ये राज्यातील तेरा स्वयंसेवी संस्थांच्या अभ्यासगटाने 'कोवळी पानगळ' हा अहवाल प्रसिद्ध केला. घरोघर मोजदाद केल्यास आढळणारे मृत्यू शासकीय नोंदींपेक्षा कितीतरी अधिक असतात, असे त्याने दाखवून दिले. त्यानंतर राज्य शासनाने डॉ. अभय बंग यांच्या अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. मार्च २००५ मध्ये औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथून राजमाता जिजाऊ माता-बाल आरोग्य व पोषण मिशनचे काम सुरू झाले. त्याच वर्षी एप्रिलमध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान सुरू होऊन साधारणपणे हजार लोकसंख्येमागे एक 'आशा' नेमण्याचे धोरण आले. आरोग्यदूताची भूमिका देशव्यापी होण्यास लागणारी व्यक्ती अशा रीतीने गावोगाव उपलब्ध झाली. आशांच्या प्रशिक्षणाचे सहावे व सातवे पुस्तक गडचिरोलीतील प्रशिक्षण साहित्याच्या आधारे तयार झाले.

२०११ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार बाळंतपण रुग्णालयात झाले असल्यास आशा ३, ७, १४, २१, २८ व ४२ व्या दिवशी अशा सहा भेटी देते. घरी झाले असल्यास जन्माच्या दिवसाची आणखी एक भेट त्यात मिळवली जाते. कमी वजनाच्या, अपुऱ्या दिवसांच्या आणि विशेष नवजात काळजी कक्षातून घरी आलेल्या बालकांकडे अधिक वेळा जावे अशी अपेक्षा आहे. आशाच्या पिशवीत वजनाचा झोळीचा काटा, तापमापक, सेकंद दाखवणारे घड्याळ व बाळासाठी गुंडाळणी असते. हात धुऊन मुलाला उचलणे, मिनिटभर श्वास मोजणे (६० किंवा अधिक असल्यास धोका), वजन करणे, दूध पाजताना मुलाची पकड पाहणे, नाळेला काहीही न लावण्याविषयी बजावणे, आणि बाळंतिणीला ताप, अतिरक्तस्राव किंवा दुर्गंधीयुक्त स्राव नाही ना हे विचारणे, एवढे काम एका भेटीत अपेक्षित असते. ही शेवटची चौकशी घाईत राहून जाते. भेटीचे नाव मुलाचे असले तरी ४२ दिवसांचा काळ आईच्या जिवालाही धोक्याचा असतो.

सर्व भेटी पूर्ण झाल्यावर आशाला २५० रुपये मोबदला ठरवण्यात आला. तोही जन्माची नोंद, वजनाची नोंद व पहिल्या लसी झाल्या असतील आणि ४२ व्या दिवशी आई व मूल सुखरूप असतील तरच. सहा भेटींनी भागल्यास एका भेटीचे बेचाळीस रुपयेही होत नाहीत. आशा ही शासकीय सेवेतील कर्मचारी नसून मोबदल्यावर काम करणारी स्वयंसेविका मानली जाते. महाराष्ट्रातील सुमारे सत्तर हजार आशांनी मोबदलावाढीसाठी जून २०२१ मध्ये व पुन्हा ऑक्टोबर २०२३ मध्ये संप केले.

राष्ट्रीय कार्यक्रमात आशाला इंजेक्शन देण्याचा अधिकार मिळाला नाही. तिने धोक्याची लक्षणे ओळखून मुलाला रुग्णालयात पाठवावे, एवढीच तिची मर्यादा ठरली. फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्र शासनाने दोन महिन्यांखालील बालकाला जंतुदोषाची लक्षणे असून रुग्णालयात नेणे शक्य नसेल किंवा कुटुंबाने नाकारले असेल, तर उपकेंद्राच्या आरोग्यसेविकेने (एएनएम) जेंटामायसिनचे इंजेक्शन व तोंडाने अमॉक्सिसिलिन द्यावे अशी मुभा दिली. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१५ मध्ये अशाच परिस्थितीसाठी रुग्णालयाबाहेरील उपचारांची शिफारस केली. तत्त्व मान्य झाले, परंतु गावात चोवीस तास राहणाऱ्या स्त्रीऐवजी ते उपकेंद्राच्या सेविकेपर्यंत येऊन थांबले. तिच्याकडे मैदानी भागात पाच हजार आणि डोंगराळ व आदिवासी भागात तीन हजार लोकसंख्या असते. गडचिरोलीतील ६२ टक्क्यांची घट राष्ट्रीय कार्यक्रमाकडून अपेक्षिताना हा फरक ध्यानात घेणे आवश्यक आहे.

रुग्णालयातील बाळंतपणांच्या काळात

चाचणीच्या वेळी गडचिरोलीत ९५ टक्के जन्म घरी होत. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार (पाचवी फेरी) महाराष्ट्रातील जवळजवळ ९५ टक्के जन्म आता रुग्णालयात होतात. २००५ ची जननी सुरक्षा योजना, १ जून २०११ पासूनचा जननी-शिशू सुरक्षा कार्यक्रम (मोफत बाळंतपण, औषधे, तपासण्या, आहार, रक्त व वाहन, तसेच आजारी नवजाताचे मोफत उपचार), १०२ व १०८ क्रमांकांच्या रुग्णवाहिका यांचा यात वाटा आहे. जन्मतः गुदमरणाऱ्या मुलाला त्यामुळे प्रशिक्षित हात लाभतो. परंतु साधे बाळंतपण झालेली स्त्री दोन-तीन दिवसांत घरी परतते, आणि जंतुदोष, थंड पडणे, दूध न ओढणे हे धोके त्यानंतरच्या दिवसांत उद्भवतात. घरभेटीची गरज रुग्णालयातील बाळंतपणाने संपलेली नाही. तिची सुरुवात तिसऱ्या दिवसापासून होते, इतकाच फरक पडला आहे.

कोकणासारख्या प्रदेशात या सेवेपुढील अडचणी गडचिरोलीहून निराळ्या आहेत. रत्नागिरी जिल्ह्याच्या दापोली तालुक्यातील केळशी हे भारजा नदीच्या मुखाशी वसलेले गाव उदाहरणादाखल घेता येईल. अशा किनारी गावांतून तालुक्याच्या ठिकाणच्या उपजिल्हा रुग्णालयात जाण्यास घाटवळणांचा रस्ता असतो आणि वाड्या डोंगरउतारावर विखुरलेल्या असतात. आशाची 'हजार लोकसंख्या' कागदावर सपाट दिसते, पायाखाली ती तशी नसते. दुसरी अडचण नोंदीची आहे. पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीत आणि मुंबईशी असलेला कोकणी कुटुंबांचा कायमचा येण्याजाण्याचा संबंध यांमुळे गर्भवतीची नोंद एका गावी, बाळंतपण दुसऱ्या ठिकाणी आणि ओले बाळंतपण तिसऱ्याच घरी, असे घडू शकते. अशा वेळी सासरच्या आशाची यादी पूर्ण होत नाही आणि माहेरच्या आशाला कोणी कळवत नाही. ज्या गावी मूल सध्या आहे त्या गावच्या आशाने भेटी द्याव्यात, हाच यावर व्यवहार्य मार्ग आहे. मात्र त्यासाठी कुटुंबाने आल्याबरोबर तिला सांगावे लागते व माता-बाल संरक्षण कार्ड सोबत ठेवावे लागते.

सद्यःस्थिती

नमुना नोंदणी पद्धतीच्या २०२० च्या अहवालानुसार महाराष्ट्राचा नवजात मृत्युदर हजारी ११, अर्भक मृत्युदर १६ व पाच वर्षांखालील मृत्युदर १८ आहे. संपूर्ण भारतासाठी हे आकडे अनुक्रमे २०, २८ व ३२ आहेत. पाचव्या कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्राचे हेच दर अनुक्रमे १६.५, २३.२ व २८.० असे अधिक आढळतात. पहिली पद्धत निवडक वस्त्यांतील जन्ममृत्यू सातत्याने नोंदवते, तर दुसरी मातांना मागील वर्षांतील जन्म व मृत्यू विचारून हिशेब काढते. त्यामुळे दोन्हींची थेट वजाबाकी करू नये. अर्भकमृत्यूंतील नवजात मृत्यूंचा वाटा मात्र दोन्ही मोजण्यांत सुमारे ७० टक्के येतो. सप्टेंबर २०१४ मध्ये जाहीर झालेल्या भारतीय नवजात कृती आराखड्याने २०३० पर्यंत नवजात मृत्युदर एक अंकी करण्याचे लक्ष्य ठेवले आहे.

४२ व्या दिवसानंतर घरभेटी थांबत असल्यामुळे पुढील वयातील पोषणाकडे दुर्लक्ष होत होते. २०१८ मध्ये केंद्र शासनाने 'एचबीवायसी' हा पुढील टप्पा जोडला. त्यात आशा मूल ३, ६, ९, १२ व १५ महिन्यांचे असताना पाच भेटी देते. वरचा आहार, लोहाचे औषध, जुलाबात क्षार-संजीवनी, लसीकरण आणि वाढीचा आलेख हे या भेटींचे विषय आहेत. प्रत्येक भेटीस ५० रुपये याप्रमाणे या टप्प्याचाही एकूण मोबदला २५० रुपये ठरवण्यात आला.